सहा एकरांत कुट्टू लावायचाय? आधी कॅलेंडर घेऊन बसा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यूयॉर्क राज्यात फिंगर लेक्स नावाच्या तळ्यांच्या बाजूला सहा एकर रान घेतलंय, त्यात गेल्या वर्षापर्यंत मका होता, आता तिथे बकव्हीट म्हणजे आपला कुट्टू लावायचा विचार आहे. तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की हे आळशी माणसाचं पीक आहे, खत नको, फवारणी नको, मेमध्ये पेरा आणि अडीच महिन्यांनी काढा. हे खरं आहे का, आणि साताऱ्याला वडिलांच्या शेतातही जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळची माण तालुक्यातली, म्हणजे दुष्काळ बघतच वाढलेली, आणि इथे याच भागात चौदा हंगाम बकव्हीट घेतलंय. त्यातले तीन हंगाम पार वाया गेले आणि तिन्ही वेळेला चूक माझीच होती. म्हणून सांगते, खत नको फवारणी नको हे बऱ्यापैकी खरं आहे पण मेमध्ये पेरा हे साफ चूक. या पिकाला मधल्या दोन महिन्यांत खरंच काही लागत नाही, तुम्ही बांधावर खुर्ची टाकून चहा पीत बसलात तरी चालेल, पण पेरणीची तारीख, पेरणीनंतरचे पहिले सहा-सात दिवस आणि काढणीचा आठवडा, या तीन ठिकाणी चुकलात की नंतर काहीही करा, हातात काही येत नाही.

आधी एक गैरसमज. नावात व्हीट असलं तरी गव्हाशी याचं काही नातं नाही, हे गवतच नाही. हे आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं झाड, चुक्याचं बी आठवा, तसाच तीन धारांचा दाणा, फक्त मोठा आणि काळपट. पान बदामाच्या आकाराचं, देठ लालसर, आतून पोकळ. ग्लूटेन नाही. याचा रानटी पूर्वज क्योतो विद्यापीठाच्या ओहमी ओहनिशी यांनी चीनमधल्या युन्नान-सिचुआन आणि तिबेटची पूर्व बाजू या पट्ट्यातल्या डोंगरात शोधून काढला. म्हणजे जन्मच थंड डोंगरातला. हे सांगायचं कारण असं की एकदा या पिकाचं डोकं समजलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं: थंड हवा आवडते पण हिम, म्हणजे बर्फ नव्हे तर रात्रीत पाला करपवणारं गोठलेलं दव, अजिबात सोसत नाही, उन्हाळा छोटा असला तरी चालतो कारण घाईघाईत फुलून मोकळं होतं, जमीन हलकी किंवा आंबट असली तरी तक्रार नाही, पण पाणी साचलेलं आणि फुलोऱ्यात कडक ऊन, या दोन गोष्टी मात्र सहन होत नाहीत.

आता तारीख. आपल्याकडे पेरणी नक्षत्रावर, म्हणजे पाऊस कधी येणार ते बघून पुढे मोजायचं. इथे उलटं आहे, शेवटाकडून मागे मोजायचं. तुमच्या रानात पहिलं कडक हिम कधी पडतं ते शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, फोनमधल्या ॲपला नको, कारण तळ्याच्या काठावरचं रान आणि चार मैल वरचं टेकडीवरचं रान यात दोन-दोन आठवड्यांचा फरक पडतो, तळं ऊब धरून ठेवतं. माझ्या रानात साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं काळं पडतं. तिथून ८० ते ९० दिवस मागे या, म्हणजे जुलैची सुरुवात ते जुलैचा मध्य. माझी पेरणी बहुतेक वर्षी ५ जुलैच्या आसपास होते.

मग लोक मेमध्ये का पेरत नाहीत? मी पेरलं होतं की. पहिल्याच वर्षी २५ मेला पेरलं, मनात म्हटलं रान रिकामं कशाला ठेवायचं, आपल्याला ते पटतच नाही ना, रिकामं रान बघून जीव तुटतो. पीक काय सुंदर आलं होतं, जुलैच्या सुरुवातीला रान पांढरंशुभ्र, लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. आणि त्याच आठवड्यात दुपारचं ऊन ३२-३३ अंशांवर गेलं आणि तिथेच राहिलं. बकव्हीटच्या फुलाला साधारण ३० अंशांच्या वरचं ऊन आणि त्यात कोरडा वारा लागला की दाणा धरतच नाही, फूल तसंच वाळून जातं. झाड मरत नाही बरं का, तेच तर फसवतं. झाड म्हणतं दाणे नाहीत तर नाहीत, मी उंची वाढवते, आणि चार-साडेचार फूट वाढून पहिल्या जोराच्या पावसात आडवं पडतं. मग ऑगस्टच्या शेवटी परत थोडे दाणे धरले ते अर्धे जमिनीला टेकून कुजले. अडीच एकरांतून चार पोती निघाली.

जुलैच्या सुरुवातीला पेरलं की साधारण महिन्याभरात फुलं सुरू होतात आणि दाणे भरायचं खरं काम ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरात होतं, तेव्हा इथल्या रात्री गार झालेल्या असतात. म्हणजे एकाच पिकाला उन्हापासूनही वाचवायचं आणि हिमापासूनही, अशी ही मधली फट आहे, आणि ती फट तुमच्याकडे दोन-तीन आठवड्यांचीच आहे. इथून जवळच जिनिव्हा नावाचं गाव आहे, तिथल्या कॉर्नेलच्या केंद्रात थॉमस ब्यॉर्कमन यांनी बकव्हीटवर बरीच वर्षं काम केलंय, त्यांचा सल्लाही याच वेळापत्रकाचा आहे, मला तो नंतर वाचायला मिळाला, आधी मिळाला असता तर ती चार पोती वीस झाली असती.

आणि एक फायदा बघा, जुलैपर्यंत रान मोकळं असल्यामुळे आधी वाटाणा किंवा हिवाळी बार्ली घेता येते. ही युक्ती डोंगरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आलीत, लडाखच्या खालच्या गावांत सातू काढला की त्याच रानात 'ब्रो' म्हणजे हेच पीक, हिमाचलातल्या किन्नौरात याला ओगला म्हणतात, आणि त्याचा कडू भाऊ तो फाफरा. फाफरा थंडीला जास्त चिवट, त्याला मधमाश्याही लागत नाहीत, पण चव कडसर आणि इथल्या गिरणीला तो नको असतो, त्यामुळे तुमच्यापुरता विषय बंद.

आता रान तयार करणं. तुमच्या रानात मका होता हे वाचून मला पहिली काळजी तीच वाटली. मक्यात इथे ॲट्राझिन नावाचं तणनाशक सर्रास मारतात आणि त्याचा अंश पुढच्या वर्षीपर्यंत मातीत राहू शकतो, बकव्हीटला तो अजिबात चालत नाही. आधीच्या मालकाला विचारा काय मारलं होतं आणि कधी. त्याला आठवत नसेल तर सोपा उपाय, चार-पाच ठिकाणची माती घेऊन कुंड्यांत भरा, एका कुंडीत जिथे कधीच फवारणी झाली नाही अशी परसातली माती, आणि सगळ्यांत बकव्हीटच्याच पंचवीस-पंचवीस बिया टाकून खिडकीत ठेवा. उगवतील सगळीकडे, त्यावर खूश होऊ नका, तीन आठवडे बघा. विषारी मातीतल्या रोपांची पानं कडेनं पिवळी पडून करपायला लागतात. माझा दुसरा वाया गेलेला हंगाम हाच होता, भाड्यानं घेतलेलं मक्याचं रान, रोपं दोन-तीन पानांवर आली आणि एका आठवड्यात पट्ट्यापट्ट्यानं पिवळी पडत गेली, जिथे फवारणीचा फेरा दुबार झाला होता तिथे सगळ्यात आधी. वरून बघितलं तर ट्रॅक्टर कुठे वळला तेसुद्धा दिसत होतं.

माती ठीक असेल तर मेच्या शेवटी एकदा हलकी मशागत करून सोडून द्या. तण उगवू दे. दोन-तीन आठवड्यांनी परत वरवर कुळवल्यासारखं करा, ते तण मरेल, नवीन उगवेल, परत तेच. असं दोनदा केलं की वरच्या दोन इंचांतलं तणाचं बी बऱ्यापैकी संपतं. हे महत्त्वाचं आहे कारण एकदा पेरलं की रानात शिरायचं नाही, कोळपणी नाही, खुरपणी नाही, आणि मारायला तणनाशकही असं काही हाताशी नाही. बकव्हीट स्वतः तण दाबतं ही त्याची ख्याती खरी आहे, पण ते दाबतं ते सावलीनं, आणि सावली पडते दाट उगवलं तर. जिथे रोपांत हातभर मोकळी जागा राहिली तिथे रॅगवीड घुसलंच म्हणून समजा. रॅगवीड म्हणजे आपल्या काँग्रेस गवताचं चुलत भावंड, शिंका काढण्यातही तसंच.

खताचं म्हणाल तर हात आखडता घ्या. आपल्याला युरिया टाकल्याशिवाय पेरणी झाली असं वाटत नाही, ती सवय इथे महागात पडते. नत्र जास्त झालं की नुसता पाला आणि मग लोळणं. आधी क्लोव्हर (जमिनीत नत्र धरणारा चारा) किंवा शेणखताचं रान असेल तर काहीच नको. अगदी उतरलेलं रान असेल तर एकरी वीस-पंचवीस पौंड नत्र, बस. स्फुरद ते मातीतून स्वतःच ओढून घेतं, ज्या रानात गहू स्फुरदासाठी रडतो तिथेही.

बियाणं एकरी पन्नास पौंड, म्हणजे साधारण २३ किलो. सात इंचांच्या ओळी, खोली अर्धा ते एक इंच, त्याच्या खाली नाही. इथल्या लोकांकडे धान्य पेरायचं जुनं ड्रिल असतं, भाड्यानं मिळतं, तेच वापरा, हातानं फोकून पेरू नका, फोकलं की काही बी वर राहतं आणि रानटी टर्की अख्खा कळप घेऊन येतात. वाण कोणता ते गिरणीला विचारून ठरवा, कोटो, मॅनिसोबा, मॅनर अशी नावं ऐकायला येतील, गिरण्यांना दाणा मोठा आणि एकसारखा लागतो. स्वस्तात मिळतं म्हणून हिरवळीच्या खतासाठी विकलं जाणारं नुसतं 'बकव्हीट' लिहिलेलं पोतं धान्यासाठी पेरू नका, त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आणि आता तो पहिला आठवडा. वाफसा हा शब्द इथल्या कुणाला समजावून सांगता येत नाही मला, पण तुम्हाला कळेल. मुठीत माती दाबली की लाडू व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की फुटावा, तो वाफसा असेल तेव्हाच ड्रिल आत घाला. ओल्यात घातलं तर बी दाबलं जातं आणि वर पापडी धरते. बकव्हीटचं रोप गव्हासारखं सुईसारखं टोक काढून वर येत नाही, ते आपल्या घेवड्यासारखं मान वाकवून, डोक्यावर काळ्या टरफलाची टोपी घेऊन दोन जाड दलं वर ओढतं. पापडी असेल तर मान तिथेच मोडते. मी गुडघ्यावर बसून चाकूनं पापडी उचलून बघितलंय, खाली पिवळी पडलेली रोपं आडवी पसरलेली, वर यायला वाट शोधत इंच-इंच सरकलेली. तो तिसरा वाया गेलेला हंगाम. तसंच पेरल्यापासून पहिल्या सात दिवसांत एक जरी झोडपणारा पाऊस झाला आणि पाणी एक दिवस साचलं तर रोपं खुरटतात आणि मग शेवटपर्यंत सावरत नाहीत. म्हणून हवामान बघा, पुढचे चार-पाच दिवस मोठा पाऊस नाही असं दिसलं की पेरा, त्यासाठी तारीख तीन-चार दिवस पुढे गेली तरी चालेल, महिनाभर नाही. आणि सहा एकरांत कुठे खोलगट, पाणी धरणारा तुकडा असेल तर तो सरळ सोडून द्या.

जमीन गरम असली की तीन ते पाच दिवसांत उगवून येतं. दहाव्या दिवशी एक फूट बाय एक फूट चौकट टाकून रोपं मोजा, पंधरा-सोळा असली तर निश्चिंत व्हा. आठ-नऊच असली तर लगेच मोडून परत पेरायला अजून वेळ असतो, तीन आठवड्यांनी नसतो. हा निर्णय कुणाला घ्यावासा वाटत नाही, मला पण नाही वाटायचा, उगवलेलं मोडायचं कसं.

त्यानंतर मात्र खरंच काही नाही. किडीचा त्रास नगण्य. हरणं मात्र आहेत. तुमचं रान सहाच एकर आणि तिन्ही बाजूला झाडी असेल तर हरणं कोवळं शेंड्याशेंड्यानं खातील, मोठ्या रानात ते नुकसान पसरतं, छोट्या रानात डोळ्यात भरतं.

फुलोऱ्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला स्वतःला ते फार आवडतं. एक फूल तोडून जवळून बघा, पाच पांढऱ्या पाकळ्यांसारखं, मधे आठ पुंकेसर आणि त्यांच्या बुंध्याशी आठ पिवळे मधाचे ठिपके. आता शेजारच्या झाडाचं फूल घ्या. एकात मधल्या काड्या लांब आणि पुंकेसर आखूड असतील, दुसऱ्यात बरोबर उलटं. रानातली अर्धी झाडं या जातीची, अर्धी त्या जातीची, आणि दाणा धरतो तो एका जातीचा पराग दुसऱ्या जातीवर गेला तरच. स्वतःचा पराग चालत नाही, आपल्याच जातीच्या दुसऱ्या झाडाचाही चालत नाही. सगोत्र लग्न नको म्हणणारं पीक आहे हे. म्हणजे मधमाशी पाहिजेच. एकरी एक पेटी ठेवली तर उत्तम, गावात कुणीतरी मधपाळ असतोच, त्याला बोलवा, पैसे द्यावे लागत नाहीत, उलट तोच आनंदानं येतो कारण ऑगस्टमध्ये इथे दुसरा मोठा फुलोरा नसतो. मध काकवीसारखा काळा आणि वासाला उग्र, गोठ्याची आठवण करून देणारा, कुणाला अजिबात आवडत नाही आणि कुणाला दुसरा चालत नाही, आमच्या घरात दोन्ही पक्ष आहेत.

एक सावधगिरी, फुलं मध देतात फक्त सकाळी. दुपार झाली की आटतं आणि मग माश्या चिडचिड्या होतात. रानात जायचं ते सकाळी, तेव्हा त्यांना तुमच्याकडे बघायला फुरसत नसते. मी एकदा दुपारी दोनला पेट्यांजवळून गेले आणि दोन दिवस एक डोळा उघडत नव्हता.

शंभर फुलांतली दहा-पंधराच दाणा धरतात, हे बघून घाबरू नका, चांगल्या पिकातही तसंच असतं. आणि एकाच झाडावर खाली पिकलेले काळे दाणे, मधे हिरवे, शेंड्याला अजून फुलं असं सगळं एकदम चालू असतं. इथेच काढणीचं दुखणं सुरू होतं. सगळे दाणे पिकायची वाट बघितली तर खालचे, म्हणजे सगळ्यात भरलेले, झडून जमिनीवर पडतात. साधारण पाऊण हिस्सा दाणे काळे-तपकिरी झाले की पीक तयार धरायचं.

मग दोन वाटा आहेत. एक म्हणजे हिमाची वाट बघायची, पहिलं कडक हिम पडलं की एका रात्रीत पानं मान टाकतात, मग आठ-दहा दिवसांत पाला आणि देठ वाळतात आणि कंबाईन, म्हणजे कापणी-मळणी एकदम करणारं मशीन, सरळ आत घालता येतो. दुसरी म्हणजे आधी कापून आडव्या ओळी टाकून आठवडाभर वाळवायचं आणि मग उचलून मळायचं. कापणी भल्या पहाटे, दव असताना, म्हणजे दाणे झडत नाहीत, हे आपल्याकडे हरभरा उपटतात तसंच. मी हिमावर सोडते कारण ओळी करणारं मशीन माझ्याकडे नाही. पण हिमानंतर दोन दिवस जोराचा वारा सुटला तर पिकाचा चांगला हिस्सा जमिनीला जातो, तेव्हा हिम पडलं की रोज रानात चक्कर मारा आणि कंबाईनवाल्याला आधीच सांगून ठेवा, कारण त्याच दिवसांत त्याची सोयाबीनची घाई असते आणि सहा एकरवाल्याचा नंबर शेवटी लागतो. कंबाईनचा मळणीचा सिलिंडर गव्हापेक्षा बराच हळू ठेवायला सांगा, दाणा ठिसूळ असतो, फुटला की गिरणी नाक मुरडते. देठ ओले असतील तर मशीनमध्ये हिरवा चिखल होतो, थांबा.

मळून आलेला माल त्याच रात्री वाळवणीला लागला पाहिजे. ओलावा सतरा-अठरा टक्के असतो तो चौदाच्या आसपास आणायचा, आणि हवा गरम करत असाल तर ४३ अंशांच्या वर नाही. मी थोडा माल असतो तेव्हा शेडमध्ये ताडपत्रीवर चार इंचांचा थर करून पंखे लावते आणि दिवसातून तीनदा फावड्यानं पालटते, आई अंगणात ज्वारी पसरायची ना, तेच, फक्त ऊन नाही. टरफल काढून आतला दाणा बघा, फिकट हिरवट असला तर ताजा आणि चांगला, जपानी सोब्याच्या नूडल्स करणारे तोच रंग मागतात. गरम झालेला किंवा जुना दाणा तांबूस पडतो.

उत्पन्न किती? सगळं नीट झालं तर एकरी हजार ते चौदाशे पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ते सव्वासहाशे किलो. मक्याशी तुलना करू नका, त्यानंच तर याला इथून हाकललं. १८६६ साली अमेरिकेत दहा लाख एकरांवर बकव्हीट होतं, शंभर वर्षांत त्याचा जेमतेम विसावा हिस्सा उरला. नत्राची स्वस्त खतं आली, मका आणि गहू ती खाऊन दुप्पट-तिप्पट झाले, आणि हे बिचारं खत दिलं की आडवं पडणारं. तरी इथल्या भागात ते टिकलं त्याचं एक कारण पेन यान गावातली बर्केट मिल्स, १७९७ पासून तिथे गिरणी आहे. १९८७ मध्ये त्या गावानं बकव्हीटचा अठ्ठावीस फुटी पॅनकेक भाजून विक्रम केला होता, त्याचा तवा गिरणीच्या भिंतीवर टांगलेला आहे. मुलांना दाखवायला न्या. भारतातून आलेल्या माझ्या जाऊबाई तो बघून म्हणाल्या, एवढं धिरडं उलटवलं कशानं?

विक्रीचं मात्र पेरायच्या आधी बोला, पेरल्यावर नाही. गिरण्या करारावर घेतात, आणि सहा एकरांचा माल त्यांच्या दृष्टीनं किरकोळ आहे. घरी दळून विकायचं असेल तर साधी दगडी चक्की चालते, जाड भरडलं की टरफलाचे मोठे तुकडे होतात आणि पीठ बारीक, चाळणीनं बरंचसं वेगळं होतं, पीठ करडं ठिपकेदार दिसतं. अख्खा सोललेला दाणा घरी काढायच्या भानगडीत पडू नका, मी पडले होते. टरफलं टाकू नका, आपण बाळाला मोहरीची उशी करतो तशा जपानात या टरफलांच्या उश्या करतात, इथेही लोक विकत घेतात. आणि पीठ लागेल तेवढंच दळा. त्यात तेल असतं, ते खवट होतं. नवरात्रात उत्तरेकडे कुट्टूचं पीठ खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, त्यात बऱ्याचदा जुनं, भेसळीचं पीठ निघतं. काही लोकांना याची जबरदस्त ॲलर्जीही असते, पाकिटावर ठळक लिहा.

पुढच्या वर्षाचा विचार आत्ताच करा. बेवड म्हणून, म्हणजे पुढच्या पिकाच्या आधीचं पीक म्हणून, बकव्हीट चांगलं, माती चाळल्यासारखी भुसभुशीत होते, पण झडलेले दाणे पुढच्या उन्हाळ्यात उगवणारच, आणि ते गव्हात किंवा सोयाबीनमध्ये मिसळले तर तो माल ॲलर्जीमुळे परत येऊ शकतो. त्या तुकड्यात पुढच्या वर्षी भाजीपाला किंवा चारा घ्या. हिरवं बकव्हीट मात्र गुरांना भरपूर घालू नका, पांढऱ्या कातडीच्या जनावराला ते खाऊन उन्हात गेलं की अंगावर फोड येतात.

माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी दोनच एकर धान्यासाठी पेरा, तेही सगळ्यात निचऱ्याच्या वरच्या बाजूला, आणि ज्या तुकड्यात कुंडीतली रोपं हिरवी राहिली तिथेच. बाकीच्यात हेच पीक तागासारखं हिरवळीचं खत म्हणून घ्या, फुलायला लागून आठवडा झाला की दाणे धरायच्या आत कापून टाका, रानाचं तण कमी होईल आणि तुमचा हातही बसेल.

राहिलं साताऱ्याचं. तिथे खरिपात पाणी साचणार, ऑक्टोबरात पेरलं तर दुपारचं ऊन अजून तिशीच्या वर, थंडीत पेरलं तर दिवस लहान असल्यामुळे वीतभर वाढून लगेच फुलणार, आणि शेवटी पाला मारायला हिम पण नाही, म्हणजे हिरव्या देठांत मळणी. वर विकायचं कुणाला, आपल्या उपवासाला वरई, राजगिरा आणि शिंगाडा ठरलेला. वडिलांना म्हणावं शाळूच लावा, आणि पुढच्या खेपेला येताना थोडा हुरडा तेवढा घेऊन या, कस्टमवाले घेऊ देतील तर.